गेम ऑफ डेथ (1978): आरशावर चिकटवलेला ब्रूस ली आणि बाकीचा घोळ

टुरिंग_टॉकीज (परभणी)
बिली लो म्हणजे आपला हिरो मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसलाय, कॅमेरा त्याच्या पाठीमागं आणि आरशात ब्रूस लीचं तोंड. आता ते तोंड नीट बघा. हलतच नाही. कारण ते तोंड नाहीच, फोटोतलं डोकं कापून आरशाच्या काचेवर चिकटवलंय आणि डमी नट असा बसवलाय की आरशातल्या त्याच्या धडावर ते मुंडकं बरोबर बसावं. डमी जरा जरी हलला की मान एकीकडं अन् तोंड एकीकडं. व्हिडिओ कॅसेटच्या काळात प्रिंटच इतकी धुरकट असायची की कुणाला पत्ता लागला नाही, आता मोबाईलवर एचडीमध्ये बघितलं की हसू आवरत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रूस लीनं या पिक्चरचं शूटिंग 1972 मध्ये सुरू केलं, मधेच एंटर द ड्रॅगन आला म्हणून हे बाजूला ठेवलं, आणि 20 जुलै 1973 ला माणूसच गेला, वय 32. मग पाच वर्षांनी एंटर द ड्रॅगनचाच डायरेक्टर रॉबर्ट क्लाउजनं नवीन स्टोरी लिहून, डमी घेऊन, जुनं फुटेज शेवटाला जोडून 1978 ला पिक्चर पूर्ण केला. खऱ्या ब्रूस लीची त्यातली पॅगोडाची (म्हणजे मजल्यांवर मजले असलेल्या मंदिराची) फाइट धरली तरी सगळी मिळून अकराएक मिनिटंच. बाकी दीड तास दुसरीच माणसं ब्रूस ली बनून फिरायलेत.

तर धागा यासाठी. दिसलेल्या चुका टाका. कंटिन्यूटीच्या (एका शॉटमधून दुसऱ्यात कपडे, केस, उजेड बदलतो त्या) टाका, तथ्याच्या टाका, पण नुसतं "फालतू पिक्चर" म्हणून जाऊ नका राव.

हिंगोलीचा_हिरो
गॉगल!!! दादा गॉगलवर वेगळा धागा काढा. रात्री गॉगल, घरात गॉगल, अंधाऱ्या गल्लीत मारामारी चालू तरी गॉगल. आन् गॉगल काढला की डायरेक जुन्या पिक्चरमधला ब्रूस लीचा क्लोजअप, त्यात केस वेगळे, उजेड वेगळा, मागची भिंत बी वेगळी. परत कॅमेरा लांब गेला की गॉगल हाय. मी तर मित्राला म्हनलो ह्यो मानूस गॉगल काढतो कवा आन् घालतो कवा.

अंबडवाला
@हिरो, गॉगल कमी पडला म्हणून मग दाढी पण लावली ना. गोळी लागते तोंडाला, हिरो मेल्याचं नाटक करतो, प्लास्टिक सर्जरी होते आणि मग वेषांतर. म्हणजे स्टोरीच अशी लिहिली की तोंड लपवायला कारण पाहिजे. मला हे खरं तर हुशारीचं वाटतं. चेहरा नाही ना आपल्याकडं, मग चेहरा बिघडल्याचीच स्टोरी करा.

कराटे_सर_नांदेड
धाग्यावर एक स्पष्ट करतो. दोन डमींमधला फरक ओळखता येतो. उभ्या उभ्या लाथा मारणारा आहे तो किम ताई-चुंग, कोरियन, तायक्वांदोवाला. कोलांट्या-उड्या येतात तिथं युएन बियाओ. किमची लाथ गुडघा वर घेऊन मग उलगडते, पाय लांब, उंच, सरळ. ब्रूस लीची साइड किक अंगातून निघते, कंबर आधी जाते आणि पाय नंतर दिसतो. लॉकर रूममधली बॉब वॉलबरोबरची फाइट बघा आणि लगेच शेवटची पॅगोडातली बघा. तोंड झाकून ठेवा, नुसते पाय बघा. क्लासमधली पिवळ्या बेल्टची पोरगी मला म्हणाली, सर हे दोन वेगळे लोक आहेत. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ही कंटिन्यूटीची चूक कपड्याची नाही, केसांची नाही, अंगाच्या सवयीची आहे. ती कोणताही डायरेक्टर झाकू शकत नाही.

आणि एक, डमी घेणं हेच फसवणूक असं समजू नका. एंटर द ड्रॅगनमध्ये सुद्धा ओहारा नावाच्या गुंडाबरोबरच्या फाइटमधली ती उलटी उडी ब्रूस लीची नाही, युएन वाह या स्टंटमनची आहे. फरक इतकाच की तिथं डमी एका उडीपुरता होता.

टुरिंग_टॉकीज (परभणी)
सर एक नंबर प्रतिसाद. नुसते पाय बघायचे हे डोक्यात आलंच नव्हतं.

बॉब वॉलचं निघालंच आहे तर, हाच माणूस एंटर द ड्रॅगनमध्ये ओहारा, वे ऑफ द ड्रॅगनमध्ये पण व्हिलनकडचा, आणि इथं कार्ल मिलर. आता गंमत अशी की गेम ऑफ डेथच्या सुरवातीला बिली लो शूटिंग करतोय म्हणून वे ऑफ द ड्रॅगनमधली चक नॉरिसबरोबरची कोलोसियमची फाइटच दाखवलीय. म्हणजे पिक्चरमधला हिरो ज्या पिक्चरचं शूटिंग करतोय त्यात बॉब वॉल आहे, आणि खऱ्या आयुष्यात त्याच्या मागं लागलेला गुंडही बॉब वॉल. आणि बिलीला काही वाटत नाही!

माय_लातूर
कोलोसियमवरून आठवलं, ती फाइट रोममध्ये झालेली नाहीये बरं का. बाहेरचे थोडे शॉट रोमचे, बाकी मारामारीचा मोठा भाग हाँगकाँगच्या स्टुडिओत मागं कोलोसियमचा पडदा लावून काढलाय. लाँग शॉटमध्ये उजेड उन्हाचा आणि जवळ आलं की स्टुडिओचा, एकदा कळलं की दिसतंच राहतं. गेम ऑफ डेथनं तेच उचललं, म्हणजे नकली कोलोसियमची नकली शूटिंग, वर आणखी नकली हिरो.

सायलेंट_मोड
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बीडचा_बाप्या
मला येक कळंना, पिच्चर बघायचा का पुरावे गोळा करायचे? आमच्याकडं गणपतीत गल्लीत व्हीशीआर आनायचे, रातभर चार पिच्चर, त्यात येक ब्रूस लीचा पायजेच. कुनी इचारलं न्हाई गॉगल कामून घातला मनून. लाथ बसली का न्हाई येवढंच बगायचं. तुमी लोक लई बारीक बगायलाव.

अंबडवाला
बाप्या भाऊ, बारीक बघितल्यानं मजा कमी होत नाही, वाढते. आणि तुम्हीसुद्धा गल्लीत "हा नकली आहे" म्हणून भांडला असणारच, खरं सांगा.

बीडचा_बाप्या
भांडन झालतं. पर ते नुनचाकूवरून झालतं. मपल्या चुलत भावानं दोन दांडके आन् बैलाच्या साखळीचा तुकडा घिऊन बनवला आन् सवताच्याच कपाळात हानला.

कराटे_सर_नांदेड
बाप्या, नुनचाकू सगळ्यांच्याच कपाळात बसतो आधी, चुलत भाऊ काही वेगळा नाही. :)

नुनचाकूची फाइट डॅन इनोसांतोबरोबरची आहे, ती सगळी खरी. इनोसांतो हा ब्रूस लीचा विद्यार्थी आणि सहकारी, फिलिपिनो काठीच्या विद्येतला दर्दी. त्या फाइटमध्ये दोघांचा वेग आणि अंतर बघा, एकमेकांना ओळखणारी माणसं आहेत हे कळतं. त्याच्यानंतरचा हापकिडोवाला (ही कोरियन मारामारीची विद्या) जी हान-जे, तो स्वतः कोरियातला मोठा मास्तर. आणि वरच्या मजल्यावर करीम अब्दुल-जब्बार, बास्केटबॉलवाला, 7 फूट 2 इंच, तोसुद्धा ब्रूस लीकडं शिकलेला. या तिघांची निवडच सांगते की माणसाच्या डोक्यात काहीतरी वेगळं चाललं होतं. हरेक मजल्यावर वेगळी विद्या, आणि हिरोला हरेक वेळी आपली पद्धत बदलावी लागते.

माय_लातूर
आणि हीच 1978 वाल्यांनी केलेली सगळ्यात मोठी चूक आहे असं माझं मत. मूळ स्टोरीत कोरियातला पाच मजली लाकडी पॅगोडा होता, बेओपजुसा नावाच्या मठातला पॅगोडा त्यासाठी डोक्यात होता. हिरो निवृत्त चॅम्पियन, घरच्यांना पळवलेलं, म्हणून एकेक मजला चढत जायचं. नव्या स्टोरीत पॅगोडा गायब, आणि त्याच्या जागी रेस्टॉरंट! रेड पेपर नावाचं हॉटेल, खाली लोक जेवायलेत आणि वर गेलं की अचानक कोरियन मंदिरासारखी सजावट, तिथं एक माणूस दांडके घेऊन वाट बघत बसलाय. कोणत्या हॉटेलात वरच्या मजल्यावर असं असतं हो? आमच्याकडं वर फॅमिली रूम असते.

हिंगोलीचा_हिरो
फॅमिली रूम 😂😂 करीम अब्दुल-जब्बार फॅमिली रूममध्ये गॉगल लावून बसलाय, वेटर मन्तो काय आनू

गोदाकाठ
उशिरा आलोय धाग्यावर, पैठणला लाईट नव्हती.

करीमच्या गॉगलला तरी कारण आहे हं. त्याचे डोळे उजेडाला सोसत नाहीत, म्हणून हिरो खिडक्यांचे कागद फोडून ऊन आत घेतो. म्हणजे ब्रूस लीनं गॉगलला फाइटचा भाग बनवलं होतं आणि 1978 वाल्यांनी गॉगल हे तोंड झाकायचं फडकं केलं. एकाच पिक्चरमध्ये एकाच वस्तूचे दोन उपयोग, आणि त्यातच सगळं कळतं.

अजून एक सांगतो. मूळ फुटेजमध्ये हिरो एकटा नाही. त्याच्याबरोबर दोन साथीदार वर चढतात, जेम्स टिएन आणि चिएह युआन. नव्या स्टोरीत बिली एकटा बदला घ्यायला निघालाय म्हणून त्या दोघांना कात्री लावली. कात्री लावली की काय होतं, फाइटची लय तुटते. कुणीतरी आधी मार खातो, मग हिरो पुढं येतो, मधे दम घेतो, बघतो, समोरच्याची पद्धत समजून घेतो, हे सगळं त्या दोघांमुळं होतं. ते काढल्यावर हिरो आला, मारलं, पुढच्या मजल्यावर. पिवळ्या ट्रॅकसूटवर करीमच्या पायाचा मोठा ठसा उमटलेला दिसतो ना छातीवर, असल्या बारीक गोष्टी ब्रूस लीच्या शूटिंगमध्ये आहेत, म्हणजे सेटवर लक्ष होतं कुणाचंतरी.

अंबडवाला
कंटिन्यूटीचं काम त्या काळात कसं चालायचं हे कुणाला माहीत आहे का? म्हणजे आज मोबाईलवर मागचा शॉट लगेच बघता येतो.

गोदाकाठ
पोलरॉइडचे फोटो काढून ठेवायचे, वहीत लिहायचे, बाही किती दुमडलीय, रक्त कोणत्या बाजूला, केस कसे. त्यासाठी सेटवर खास माणूस असतो. पण मारामारीच्या पिक्चरमध्ये ते लई अवघड, कारण एक फाइट दोन-चार वारांच्या तुकड्यांत निघते, दिवसचे दिवस चालते. सकाळी काढलेल्या ठोशाला संध्याकाळी काढलेली प्रतिक्रिया जोडतात. घाम वाळतो, केस बसतात, शर्टाचं बटण तुटतं. आणि एडिटरपुढं दोन टेक असले, एकात लाथ जबरदस्त पण शर्ट बाहेर आलेला, दुसऱ्यात शर्ट नीट पण लाथ मिळमिळीत, तर तो लाथच घेणार. घ्यायलाच पाहिजे. म्हणून मला शर्टाच्या चुकांचा राग येत नाही.

हाँगकाँगचे पिक्चर त्या काळी आवाजाशिवाय शूट व्हायचे, डबिंग नंतर. म्हणजे पॅगोडात जो आवाज आपण ऐकतो तो ब्रूस लीच्या तोंडातून सेटवर निघालेला नाही, आणि डबिंग झालं तेव्हा तो जिवंत नव्हता.

बीडचा_बाप्या
मंजी त्यो हूऽऽवाऽऽ बी नकली???

गोदाकाठ
या पिक्चरमधला, हो भाऊ.

बीडचा_बाप्या
चला, झोपतो मी.

माय_लातूर
थोडं अवांतर होईल, पण तथ्याच्या चुका म्हणाल तर गेम ऑफ डेथपेक्षा मला इप मॅन (2008), म्हणजे ब्रूस लीच्या गुरूवरचा पिक्चर, जास्त खटकतो. गेम ऑफ डेथ कुणी इतिहास म्हणून बघत नाही. इप मॅन लोक चरित्र म्हणून बघतात. माझा मुलगा क्लासला जातो, त्यांच्या बॅचमधल्या सगळ्यांना पक्कं माहीत आहे की इप मॅननं जपानी जनरलला भर चौकात हरवलं. असं काही झालेलं नाही! जनरल मिउरा हे पात्रच बनवलेलं. पिक्चरमध्ये तो कोळसा वाहतो, तांदळासाठी दहा कराटेवाल्यांशी एकटा लढतो, मग जखमी होऊन हाँगकाँगला जातो. खरा इप मॅन चीनमधल्या फोशान शहरात पोलीसात होता, आणि हाँगकाँगला गेला ते 1949 च्या शेवटी, कम्युनिस्ट आल्यावर. जपान्यांनी फोशान घेतलं 1938 ला. मधली दहा-अकरा वर्षं पिक्चरनं गिळून टाकली.

आणि एक बारीक चूक जी मला आई म्हणून लगेच दिसली. ती घरातली फाइट आठवते ना, पोरगं तीनचाकी सायकल चालवत येतं आणि सांगतं की आई म्हणतेय तुम्ही आता उलटून मारलं नाही तर घरातलं सगळं फुटेल. तो मुलगा म्हणजे इप चुन. इप चुनचा जन्म 1924 चा. 1935 च्या आसपासची गोष्ट दाखवतायत म्हणजे तो अकरा वर्षांचा पाहिजे. अकरा वर्षांचं पोरगं तीनचाकीवर? आणि हाच इप चुन पिक्चरला सल्लागार होता.

अंबडवाला
ताई खरंच की हे 😄 स्वतःचंच वय कमी करून घेतलं त्यांनी.

टुरिंग_टॉकीज (परभणी)
आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर उद्या कुणी मुक्तिसंग्रामावर पिक्चर काढून स्वामी रामानंद तीर्थ आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी यांची लातूरच्या गंजगोलाईत समोरासमोर कुस्ती लावली, स्वामीजींनी धोबीपछाड मारला आणि दुसऱ्या दिवशी संस्थान विलीन झालं असं दाखवलं तर कसं वाटेल. रझवी लातूरलाच वकिली करायचा हे खरं, पण 1948 मध्ये स्वामीजी तुरुंगात होते, सुटले ते 17 सप्टेंबरच्या वेळीच. टाळ्या पडतील हो थेटरात, मी पण वाजवीन. पण शाळेतली पोरं तेच पेपरात लिहितील.

कराटे_सर_नांदेड
पोरं लिहितातच. माझ्या क्लासमध्ये येणाऱ्या दर नव्या मुलाला चेन झेन हा खरा माणूस वाटतो. ब्रूस लीच्या फिस्ट ऑफ फ्युरीमधला हिरो. त्याचे गुरू हुओ युआनजिआ खरे, 1910 ला वारले, शांघायमधली त्यांची संस्था खरी. चेन झेन मात्र पिक्चरसाठी बनवलेला. जेट लीच्या फियरलेसमध्ये (2006) तर हुओंचं अख्खं घर मारून टाकलेलं दाखवलंय, प्रत्यक्षात त्यांचे वंशज आहेत आणि ते पिक्चरविरुद्ध कोर्टात गेले होते.

पण लातूरच्या ताईंशी एका बाबतीत सहमत नाही. इप मॅन बघून मुलं क्लासला येतात. कोळसा वाहिला का नाही याच्यानं त्यांच्या पंचला फरक पडत नाही. विंग चुनची (इप मॅनची विद्या) चेन पंच, लाकडी डमीवरचा सराव, हात चिकटवून ठेवायची सवय, हे पिक्चरमध्ये बऱ्यापैकी नीट दाखवलंय. मला विद्या चुकीची दाखवली की राग येतो, चरित्र चुकीचं दाखवलं की कमी येतो. तुम्हाला उलटं वाटत असेल.

माय_लातूर
सर, हो, मला उलटंच वाटतं. पंच तुम्ही क्लासमध्ये दुरुस्त कराल, इतिहास कोण दुरुस्त करणार?

कराटे_सर_नांदेड
तुम्ही आहात ना :) रविवारी या क्लासवर, दहा मिनिटं देतो, सांगा पोरांना. मी पण ऐकीन.

हिंगोलीचा_हिरो
येक इचारायचं होतं. गेम ऑफ डेथमध्ये शूटिंग चालू असताना खोट्या बंदुकीच्या जागी खरी गोळी घालून हिरोला मारायचा प्रयत्न होतो. आन् ब्रूस लीचा पोरगा ब्रँडन बी तसाच गेला शूटिंगमध्ये. लोक मन्तेत पिक्चरमध्ये आधीच भविष्य सांगितलं होतं. यूट्यूबवर लई व्हिडिओ हायेत.

गोदाकाठ
हिरो, त्या व्हिडिओंच्या नादी लागू नको. ब्रँडन ली गेला 31 मार्च 1993 ला, द क्रो या पिक्चरच्या सेटवर, वय 28. तिथं कुणी गोळी बदलली नव्हती. आधीच्या एका शॉटसाठी वापरलेल्या नकली काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलं, पुढच्या वेळी त्याच बंदुकीत बारवाली पण बिनगोळीची काडतूस टाकली, तिच्या दाबानं ते टोक बाहेर आलं. निष्काळजीपणा. कट नाही, शाप नाही, भविष्य तर अजिबात नाही.

पिक्चरमध्ये तो गोळीचा सीन कसा बनवला ते मात्र सांगण्यासारखं आहे. फिस्ट ऑफ फ्युरीचा शेवट, हिरो धावत येऊन बंदुकांवर उडी घेतो आणि चित्र तिथंच थांबतं, तेच फुटेज इथं वापरलंय. तिथं तो शेवट होता, इथं शूटिंग म्हणून दाखवलं आणि उडीनंतर पडलेला दाखवला डमी. ज्यानं तो पिक्चर बघितलाय त्याला ती उडी कधी खाली येताना बघायची नसते.

टुरिंग_टॉकीज (परभणी)
गोदाकाठ, हे भारी लिहिलंत.

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट आता टाकतो, मुद्दाम मागं ठेवली होती. बिली लोचा खोटा अंत्यविधी. तिथं जी गर्दी दिसते, पोलीस लोकांना आवरायलेत, लोक रडायलेत, ती नटांची गर्दी नाही. जुलै 1973 ला हाँगकाँगमध्ये ब्रूस लीच्या खऱ्या अंत्यविधीला लोटलेली गर्दी आहे ती. खरं फुटेज. आणि स्टोरी काय, तर हिरो मेलेला नाही, नाटक करतोय. म्हणजे जे लोक खरोखर रडतायत त्यांना आपण "ह्यांना फसवलंय" असं समजून बघायचं. याला कंटिन्यूटीची चूक म्हणता येत नाही, तथ्याची पण नाही, तथ्य तर शंभर टक्के खरं आहे. पण पुठ्ठ्याच्या तोंडावर मी हसलो आणि इथं आल्यावर रिमोट उचलून पुढं ढकललं.

अंबडवाला
हे माहीत नव्हतं. वाईट आहे.

सायलेंट_मोड
पॉपकॉर्न ठेवला खाली. यावर बोलतो. प्रोड्यूसरच्या बाजूनं एक विचार, पाच वर्षं जगभरातले लोक विचारत होते की ते अर्धं राहिलेलं कुठंय. त्या काळात ब्रूस ली संपल्यावर नकली नावाचे, मिळत्याजुळत्या तोंडाचे कितीतरी लोक बाजारात आले आणि त्यांचे पिक्चर चालले. त्यापेक्षा ही अकरा मिनिटं बाहेर आली हे बरंच झालं. अंत्यविधीचं समर्थन करत नाही, ते नको होतं.

माय_लातूर
अकरा मिनिटं बाहेर आली ती तोडून-मोडून. तसंच्या तसं दाखवून, मधे कुणीतरी बसून सांगितलं असतं की इथपर्यंत झालं होतं, तरी लोकांनी बघितलं असतं.

गोदाकाठ
ताई, ते झालं की नंतर. 2000 ला जॉन लिटलची डॉक्युमेंटरी आली, अ वॉरियर्स जर्नी. सापडलेलं फुटेज ब्रूस लीच्याच टिपणांप्रमाणं लावून दाखवलंय, दोन्ही साथीदार आहेत, मजले ओळीनं आहेत.

हिंगोलीचा_हिरो
मग आता आधी काय बघू? पिक्चर का डॉक्युमेंटरी? पिक्चर मी अर्धा बघितलाय, गॉगलवर हसून हसून बंद केला

कराटे_सर_नांदेड
पिक्चर आधी संपव. आणि आवाज बंद करून बघ, नुसते पाय. किम कुठं, युएन बियाओ कुठं, खरा कुठं, वेळ लिहून इथं टाक. मग डॉक्युमेंटरी बघून ताडून बघू.

बीडचा_बाप्या
झोप न्हाई लागली. मी बी बगायलोय. आरसा आला.